दुकानातून गिनी पिग आणताना: पिंजऱ्यापासून वजनकाट्यापर्यंत

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, शाळा सुरू झाल्या झाल्या, आमच्या घरी दोन गिनी पिग आले. एक तपकिरी, त्याचं नाव चिकू. दुसरी पांढरी, अंगावर पिवळे ठिपके, म्हणून बुंदी. दुकानदार म्हणाला, "दोन्ही मादी आहेत, दोन महिन्यांच्या, एकदम हेल्दी, लसपण झालीय."

या एका वाक्यात चार थापा होत्या. चिकू नर निघाला. बुंदी दोन महिन्यांची नव्हती, चांगली मोठी आणि गाभण होती. चिकूच्या अंगात खरूज होती. आणि लसीचं म्हणाल, तर कुत्र्या-मांजरासारखी नेहमी द्यायची अशी लस गिनी पिगला नसतेच. हे सगळं उलगडेपर्यंत तीन आठवडे गेले, तीन डॉक्टर झाले आणि माझ्या मुलीच्या हातावर एक नायटा उठला. दोघांचे मिळून १,८०० रुपये दिले होते. पहिल्या महिन्यात औषधपाण्याला त्याच्या तिप्पट लागले.

तुम्ही आणणारच असाल तर या क्रमाने जा. शक्य असेल तर दुकानाआधी ओळखीत विचारा. परीक्षा आल्या किंवा बदली झाली की पाळलेले गिनी पिग द्यायला काढणारी घरं बरीच असतात, आणि त्या प्राण्याचं खाणंपिणं, आजारपण सांगणारं माणूस तरी समोर असतं.

१. आधी डॉक्टर, मग दुकान

आम्ही नेमकं उलट केलं. चिकू आजारी पडल्यावर रविवारी संध्याकाळी फोन फिरवत बसलो. कोपऱ्यावरचा कुत्र्या-मांजराचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी त्याने गिनी पिग हाताळलेला असेलच असं नाही. फोन करून सरळ विचारा: गिनी पिग बघता का? महिन्यात साधारण किती येतात? रात्री-अपरात्री काय करायचं? "आणा, बघू" असं मोघम उत्तर आलं तर दुसरा नंबर शोधा. "एक्झॉटिक" म्हणजे कुत्रा-मांजर सोडून बाकीचे पाळीव प्राणी बघणारे डॉक्टर हवेत.

मुंबईकरांना परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या. लांबचा प्रवास या प्राण्याला झेपत नाही.

२. दुकानात हात खिशात ठेवा

पहिली दहा मिनिटं फक्त बघा. गिनी पिग हा शिकार होणारा प्राणी. दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. पिंजऱ्यात हात गेला की धडधाकट गिनी पिग धूम ठोकतो, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत कोपऱ्यात घुसतो. चिकू पळाला नाही. पाठ गोल करून, केस फुलवून, तसाच बसून राहिला. "हा शांत आहे, लहान मुलांना चांगला," असं सांगून दुकानदाराने तो माझ्या मुलीच्या हातात दिला आणि आम्ही विरघळलो. न पळणारा गिनी पिग शांत नसतो, आजारी असतो. निदान आजारी आहे असं धरून चाला.

मग पिंजरा बघा. तुमच्या पसंतीचा एक ठणठणीत दिसत असला तरी शेजारचा शिंकतोय का, कुणाच्या पाठीवर टक्कल आहे का ते पाहा, कारण दुकानातला आजार पिंजऱ्याचा असतो. एकाच खुराड्यात ससे आणि गिनी पिग एकत्र ठेवले असतील तर तिथून निघा. ससे आणि कुत्रे बोर्डेटेला नावाचा जंतू काही त्रास न होता घेऊन फिरतात. गिनी पिगला त्याच जंतूने न्यूमोनिया होतो. खाली नुसती जाळी असेल तर पायांचे तळवे बघा. लाल, सुजलेले तळवे पुढे चिघळतात आणि महिनोन्महिने बरे होत नाहीत.

आता उचलायला सांगा, उजेडात न्या आणि डोक्यापासून सुरू करा.

डोळे चकचकीत हवेत, कडेला खपली नको. नाक कोरडं हवं. पुढच्या पायांची आतली बाजू जरूर बघा. तिथले केस चिकटलेले असले तर तो वाहतं नाक पायाने पुसतोय. दुकानदाराने नाक पुसून ठेवलं असलं तरी पाय पुसलेले नसतात. हनुवटीखाली ओलं असेल तर दातांचं दुखणं. पुढचे दात पांढरे आणि सरळ हवेत. कानाजवळ धरून श्वास ऐका, टकटक किंवा घरघर नको. पाठीवरचे केस उलटे फिरवा: कोंड्यासारखी खपली, लाल कातडी, ओरखडे? पाठीच्या कण्यावरून बोट फिरवा, मणके टोचत असतील तर तो उपाशी आहे. शेपटीच्या जागी शेण-मूत चिकटलेलं नको. लेंड्या कोरड्या, लांबट, एकसारख्या हव्यात.

एवढं बघताना दुकानदार वैतागतो. वैतागू द्या.

३. नर की मादी, हे स्वतः बघा

याला एक वेगळा आकडा द्यावा इतका हा सापळा मोठा आहे. मादी पाच-सहा आठवड्यांची असतानाच गाभण राहू शकते, आणि दुकानात नर-माद्या एकत्रच असतात. सहा-आठ महिन्यांपर्यंत एकदाही न व्यालेल्या मादीचं ओटीपोटाचं हाड घट्ट जुळून येतं. त्यानंतर पहिल्यांदा गाभण राहिली तर पिल्लं अडतात आणि सिझेरियन करावं लागतं. म्हणून "राहू दे, होतील पिल्लं, मजा येईल" हा विचार डोक्यातून काढा.

ओळखायची खूण अशी: पोटाखाली, मूत्रद्वाराच्या किंचित वर बोटाने अलगद दाबलं तर नराचं लिंग बाहेर येतं. मादीत इंग्रजी वाय अक्षरासारखी चीर दिसते. पहिल्यांदा जमत नाही. शक्य असेल तर अनुभवी माणूस सोबत न्या, किंवा घेतल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांकडून बघून घ्या.

४. पावती आणि कागद

पेट शॉपसाठी २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम केले. त्यानुसार दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर काय होतं यावरून दुकान कळतं. एवढं तरी हातात घ्या:

- तारीख, दुकानाचं नाव-पत्ता आणि किंमत असलेली छापील पावती
- प्राण्याचं अंदाजे वय, नर की मादी, हे त्याच पावतीवर लिहून
- सध्या काय खातोय आणि काही औषध चालू आहे का, हेही लिहून
- आजारी निघाला तर किती दिवसांत परत घेणार किंवा खर्च देणार
- प्राण्याचा आणि पिंजऱ्याचा त्याच दिवशी काढलेला फोटो

आमच्याकडे पावती म्हणून सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर लिहिलेला "१८००/-" एवढा आकडा होता. तो घेऊन परत गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, नवीन जागा आहे म्हणून खाजवतोय, पावडर लावा.

५. प्राणी येण्याआधी घरात काय हवं

- किमान दोन फूट रुंद, चार फूट लांब अशी सपाट तळाची जागा. दोन मजली पिंजरा नको
- खाली वर्तमानपत्र आणि त्यावर जुनी सुती चादर किंवा फ्लीस. लाकडाच्या वखारीतला भुसा नको, त्याच्या धुळीने नाक वाहतं
- तोंड लपवायला खोकं, प्रत्येकाला एक
- पाण्याची नळीची बाटली
- पाच किलोचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा
- सुई नसलेल्या १ आणि ५ मिलीच्या दोन-दोन सिरिंज
- शंभर पानी वही

गवताचं नीट सांगतो, कारण अर्धे आजार तिथूनच निघतात. गिनी पिगचे दात, दाढांसकट, आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवायला दिवसभर चावायला गवत लागतं, आणि आतडी चालू ठेवायलाही तेच. खाण्याचा मोठा हिस्सा गवतच हवा. परदेशी टिमोथी गवताची पिशवी महाग पडते. गावाकडून, तबेल्यातून वाळलेलं मारवेल किंवा पवना मिळालं तर उत्तम, फक्त बुरशी आणि कुबट वास नाही ना ते बघा. ताज्या दूर्वा आमचे दोघं सुपारीएवढं तोंड वर करून मागतात. मंदिराबाहेरची जुडी मात्र धुऊनच द्या. लसूणघासाची, म्हणजे गुरांना घालतात त्या हिरव्या चाऱ्याची, गोष्ट वेगळी. दुकानदार तोच देतो, कारण तो स्वस्त आणि हिरवागार. त्यात कॅल्शियम फार असतं. वाढत्या पिल्लाला, गाभणीला चालतो, मोठ्या गिनी पिगला रोज दिला तर मूतखड्याला आमंत्रण.

दुसरी गोष्ट क जीवनसत्त्व. माणसासारखंच गिनी पिगच्या शरीरात ते तयार होत नाही. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिक या नॉर्वेच्या दोन संशोधकांनी गिनी पिगला नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना खलाशांसारखी स्कर्व्ही झाली. त्या आजाराचं मूळ शोधण्यात या प्राण्याचे असे उपकार आहेत. आपल्याकडच्या दुकानात आजही त्याला मका, गाजर आणि भिजवलेले हरभरे यांवर ठेवतात, म्हणजे तोच प्रयोग चालू आहे म्हणा. साधारण किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, पिल्लाला आणि गाभणीला जास्तीच्या बाजूने. ढोबळी मिरचीची एक फोड, मूठभर कोथिंबीर, मधूनच पेरूचा किंवा आवळ्याचा छोटा तुकडा एवढ्यात काम होतं. पाण्यात थेंब टाकायचं औषध घेऊ नका. पाण्यात ते लवकर निकामी होतं, आणि चव बदलली म्हणून प्राणी पाणीच कमी पितो.

पाकीटबंद खाद्य घेताना पाकिटावर "गिनी पिग" असं आहे ना ते वाचा. आम्हाला सशाचं दिलं होतं. सशाला क जीवनसत्त्व बाहेरून लागत नाही, म्हणून त्याच्या खाद्यात ते घालत नाहीत.

कांदा, लसूण, बटाटा, पोळी, बिस्किट, फरसाण: नाही. आजोबांना हे तीनदा सांगावं लागतं.

६. पहिले २१ दिवस

घरात आधीचा गिनी पिग असेल तर नवा किमान दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत. आधी जुन्याचं करायचं, मग नव्याचं, आणि मध्ये हात साबणाने.

रोज सकाळी, खायला घालण्याआधी, काट्यावर वाडगा ठेवून वजन घ्या आणि वहीत लिहा. हे एक काम टाळू नका. आमच्या वहीतली पहिली पानं अशी आहेत (आकडे ग्रॅममध्ये). चिकू: ३८५, ३८२, ३७६, ३७७, ३६८, ३५९. तो रोज थाळीपाशी यायचा, कोथिंबीर तोंडात धरायचा, आम्हाला वाटायचं खातोय. वाढत्या वयातल्या पिल्लाचं वजन दर आठवड्याला वाढायलाच हवं. पहिल्या एक-दोन दिवसांत जागा बदलल्यामुळे थोडं उतरतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही उतरतच असेल तर फोन करा.

त्याच पानावर बुंदी: ५६०, ५६८, ५७१, ५८०. तिचं चाललंय मस्त, असं आम्ही शेरे मारत होतो. तिच्याकडे पुढे येतो.

७. काय दिसलं तर काय समजायचं

*खाणं बंद.* बारा तासांत काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर ते सकाळपर्यंत थांबण्याचं दुखणं नाही. याची आतडी थांबली की जीव जातो.

*खाजवणं.* उवा डोळ्यांना दिसतात, केसांतून पळतात, आणि गिनी पिगच्या उवा माणसाला लागत नाहीत. खरजेचा किडा दिसत नाही, कातडीत बिळं करतो. पाठ, मांड्या, मान इथले केस जातात, कातडी जाड आणि पिवळट होते. खाज इतकी भयंकर असते की प्राण्याला झटके येतात. सहाव्या दिवशी रात्री चिकू खाजवता खाजवता आडवा पडला आणि पाय ताठ करून थरथरला. आम्हाला फिटच वाटली. त्याआधी दुपारी आम्ही दुकानदाराचं ऐकून कुत्र्याची गोचीड पावडर लावली होती. प्राणी अंग चाटतो, पावडर पोटात जाते. ओल्या फडक्याने पुसून काढली, रात्रभर एकजण जागा. तो वाचला हे नशीब. गोचीड पावडर, कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब, कडुनिंबाचं तेल, यांतलं काहीही स्वतःच्या मनाने लावू नका. खरजेवर आयव्हरमेक्टिनसारखं औषध वजनावरून मोजून देतात, काही दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं, आणि सोबतच्या प्राण्यालाही उपचार लागतात. मादी गाभण असण्याची शंका असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

*नाकाभोवती, डोळ्यांभोवती, कानावर गोल टक्कल आणि खपली.* हा बुरशीचा नायटा. पावसाळ्यात, दमट जागेत जोर करतो. माणसाला लागतो.

*शिंका, घरघर, श्वास घेताना कुशी उडणं.* त्याच दिवशी डॉक्टर.

*चालायला नाखूष, सांधे सुजलेले, हात लावला की ओरडणं, हिरड्यांतून रक्त.* स्कर्व्हीची शंका घ्या. क जीवनसत्त्व तुटलं की दोनेक आठवड्यांतच लक्षणं सुरू होतात, म्हणजे दुकानातली उपासमार तुमच्या घरी येऊन दिसते.

*उन्हाळ्यात लोळत पडणं, लाळ, धापा.* २७-२८ अंशांवरच याला त्रास सुरू होतो. विदर्भातल्या मे महिन्याबद्दल बोलायलाच नको. ओलं फडकं पायांना आणि कानांना, गार फरशी, आणि लगेच डॉक्टर. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

८. डॉक्टरांकडे जाताना

सोबत न्या: वजनाची वही, दुकानाची पावती, डबीत ताज्या लेंड्या, खाजवतानाचा किंवा श्वासाचा मोबाइलवरचा व्हिडिओ (तिथे गेल्यावर तो हटकून गप्प बसतो), खाद्याच्या पाकिटाचा फोटो. जाळीच्या टोपलीत गवत घाला आणि जोडीदारालाही न्या. उपाशी नेऊ नका. गिनी पिगला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखं रिकाम्या पोटी आणायची गरज नसते.

आणि हा सगळ्यात महागात पडणारा सापळा. पेनिसिलिन, अॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं तोंडावाटे दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावू शकतो. आम्हाला पहिल्या डॉक्टरने सर्दीसाठी अमॉक्सिसिलिनचं ड्रॉप लिहून दिलं होतं. मेडिकलमध्ये ते संपलं होतं. दुसऱ्या डॉक्टरने चिठ्ठी पाहिली आणि शांतपणे दुमडून कचऱ्याच्या डब्यात टाकली. चिठ्ठीवरचं नाव वाचा आणि बिनधास्त विचारा, "हे गिनी पिगला चालतं ना?" चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही. प्रतिजैविकाशिवाय गत्यंतर नसेल तर याला चालणारी वेगळी औषधं आहेत.

सिरिंजने भरवायचं झालं तर तोंडाच्या कडेने, दातांच्या मागे, थोडं थोडं. सरळ घशात सोडलं तर फुप्फुसात जातं. पाण्यात भिजवून मऊ केलेलं त्याचंच खाद्य चालतं.

९. घरची माणसं

माझ्या मुलीच्या मनगटावर दहाव्या दिवशी एक लाल गोल उठला. कडा उंच, मधे फिकट. मेडिकलवाल्याने नेहमीची मिक्स क्रीम दिली. दोन दिवस खाज थांबली, मग गोल दुप्पट झाला. अशा क्रीममध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, त्याने नायटा दबतो आणि पसरतो. त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि "घरी गिनी पिग आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. आजारी प्राण्याला हातमोजे आणि लांब बाहीचा सदरा घालून धरा, त्याच्या चादरी गरम पाण्यात वेगळ्या धुवा. पिंजरा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. घरात दमेकरी असेल तर प्राणी आणण्याआधी त्याला कुणाच्या तरी गिनी पिगसोबत तासभर बसवून बघा.

१०. वजन फारच छान वाढत असेल तर

तिसऱ्या आठवड्यात तिसऱ्या डॉक्टरांनी चिकूला उलटा केला आणि म्हणाले, हा तर नर आहे. मग बुंदीच्या पोटावरून हात फिरवला आणि आमच्याकडे बघितलं. त्या दिवसापासून दोघांमध्ये जाळी आली.

गाभणकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. बुंदी १५ ऑगस्टच्या सकाळी व्याली, आणि आमच्याकडे येऊन तिला ४७ दिवसच झाले होते. म्हणजे चिकू निर्दोष. काम दुकानातच झालं होतं. मुलगी झेंडावंदनाहून आली तेव्हा चादरीखाली तीन पिल्लं होती, केसाळ, डोळे उघडे, एक तर कोथिंबिरीची काडी ओढत होतं. आपल्याकडच्या उंदराच्या पिल्लांसारखी ही उघडीनागडी नसतात.

गाभण मादीला उगाच उचलू नका. ताठ पोट, रक्तस्राव, बराच वेळ जोर लावूनही पिल्लू न येणं, यांतलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. व्याल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे नर त्याआधीच वेगळा हवा. आणि पिल्लांचं वजन पहिल्या दिवसापासून वहीत. आमच्या वहीत तीन नवे रकाने आखले, ८८, ९१ आणि ७४. पिल्लांतले नर २१व्या दिवशी आईपासून वेगळे करायचे असतात. ७४वाला नर होता, त्याला चिकूच्या बाजूला टाकला.